आयोवा-कॅन्सस आणि लिंकनशायर : धान्यशेतीत फरक नेमका कुठे पडतो?

गोफण

शेतीवरच्या मागच्या धाग्यात "अमेरिकेत हजारो एकरांची शेती, ब्रिटनमध्ये तुकड्यांची" असं दोन-तीन जणांनी लिहिलं होतं. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी सरासरी पाहू. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषी गणनेत सरासरी शेत ४६३ एकरांचं होतं. ब्रिटनमध्ये हाच आकडा ८० हेक्टरांच्या थोडा वर, म्हणजे दोनशे एकरांच्या आसपास. दुपटीहून थोडा जास्त फरक, बास. पण दोन्हीकडच्या सरासरीत हौसेची दहा-वीस एकरांची शेतंही धरलेली असतात, त्यामुळे या आकड्यांवरून फारसं कळत नाही. पूर्ण वेळ मका-सोयाबीन करणारं आयोवा राज्यातलं (अमेरिकेचा मका पट्टा) कुटुंब दोन-तीन हजार एकर सहज करतं, आणि पूर्व इंग्लंडातल्या लिंकनशायर-केंब्रिजशायरमध्ये तीन-चार मालकांची जमीन करारावर घेऊन तेवढीच शेती करणारेही आहेत.

माझ्या मते खरा फरक असा : अमेरिकेत जमीन मुबलक, पण कॅन्सस या गव्हाच्या राज्याकडे पाणी कमी, आयोवात पेरणीचे दिवस कमी आणि माणूस दोन्हीकडे कमी. त्यामुळे तिथला शेतकरी एकरी तास आणि एकरी खर्च वाचवतो. ब्रिटनमध्ये जमीन महाग आणि मोजकी, पण हवा थंड आणि दमट. त्यामुळे तिथला शेतकरी प्रत्येक एकरातून जास्तीत जास्त दाणा काढायला बघतो, आणि त्यासाठी एकाच रानात दहा-बारा वेळा जातो.

आपल्या मापात सांगायचं तर ब्रिटनचा गहू सरासरी हेक्टरी ८ टनांच्या आसपास, म्हणजे एकरी ३२ क्विंटल. कॅन्ससचा गहू बऱ्याच वर्षी एकरी ४० बुशेलच्या आगेमागे. गव्हाचं बुशेल ६० पौंडांचं, म्हणजे २७.२ किलोचं, हिशेब केला तर एकरी ११ क्विंटल. आयोवाचा मका मात्र एकरी २०० बुशेलच्या घरात. मक्याचं बुशेल ५६ पौंडांचं, त्यामुळे जवळपास ५१ क्विंटल. म्हणजे "अमेरिकेचा उतारा (एकरी उत्पादन) कमी" हे गव्हापुरतं खरं, मक्याला लागू नाही.

आता गंमत पाहा. पूर्व इंग्लंडात वर्षाला सुमारे ६०० मिमी पाऊस पडतो, कॅन्ससच्या पश्चिम भागात ४५०-५०० मिमी. सोलापूरचा पाऊसही याच घरातला. तरी उताऱ्यात तिपटीचा फरक कसा? इंग्लंडात हा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि बाष्पीभवन कमी. गहू सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात पेरला की ऑगस्टात कापणी, दहा-अकरा महिने पीक रानात. जूनमध्ये सोळा-सतरा तास उजेड आणि तापमान विशीच्या आसपास, त्यामुळे दाणा भरायला सहा-सात आठवडे मिळतात. कॅन्ससमध्ये मेअखेरीस पारा ३२ च्या वर गेला, गरम वारं सुटलं की दाणा भरणं आटोपतं आणि जूनमध्ये कापणी सुरू. तिथे हेक्टरी २०० किलो नत्र (नायट्रोजन) टाकूनही उपयोग नाही, ते पचवायला पाणी आणि थंडावा लागतो.

---

तिफण

छान सुरुवात. शेताच्या आकाराबद्दल भर घालतो, कारण लोक फक्त क्षेत्रफळ बघतात आणि आकार विसरतात.

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत जमीन १७८५ च्या कायद्यानुसार मैल बाय मैल चौकोनांत मोजली गेली. एक सेक्शन ६४० एकर, त्याचा चतुर्थांश १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात तोच चतुर्थांश एका कुटुंबाला मिळायचा. त्यामुळे आजही तिथे शेत म्हणजे सुमारे ८०० मीटर बाय ८०० मीटरचा चौकोन, रस्ते त्याच्या कडेने. इंग्लंडातली शेतं जुन्या कुंपणांनी, ओढ्यांनी, चर्चच्या वाटांनी कापलेली. पाच-सहा कोनांची, मध्येच ओकचं झाड.

याचा थेट फटका बसतो तो वळणाच्या पट्टीत. यंत्र जिथे वळतं तिथली माती दबते, बी-खत दोनदा पडतं, फवारा चुकतो. २४ मीटरचा फवारणी दांडा असेल तर चारही बाजूंनी २४ मीटरची पट्टी धरावी लागते. हिशेब करा :

२०० × ४०० मीटरचं ८ हेक्टरांचं रान : आतला भाग १५२ × ३५२, म्हणजे ५.३५ हेक्टर. वळणाची पट्टी २.६५ हेक्टर, ३३ टक्के.

८०० × ८०० मीटरचं ६४ हेक्टरांचं रान : आतला भाग ७५२ × ७५२, म्हणजे ५६.५ हेक्टर. वळणाची पट्टी ७.५ हेक्टर, १२ टक्क्यांच्या आत.

हे सरळ आयताचं गणित. तिरक्या बांधांच्या रानात पाचरीच्या आकाराची तासं (ओळी) उरतात, ती वेगळी. म्हणून इंग्लंडात फवारणी यंत्राचा दांडा तुकड्या-तुकड्यांनी किंवा नोझलनिहाय आपोआप बंद होणं ही चैन मानत नाहीत. पाचरीच्या रानात दुहेरी फवारणीच पाच-दहा टक्के होते आणि औषधाचे पैसे तिथेच वसूल होतात.

---

मोघड

दोघांना +१. गोफण यांनी पेरणीचे दिवस म्हटलं, ते सोडवून सांगतो.

यंत्राची कामाची गती काढायचं अमेरिकन सूत्र : रुंदी फुटांत × वेग ताशी मैलांत ÷ ८.२५ = एकर प्रति तास. त्याला वळणं, बी भरणं वगैरेसाठी ०.७ ने गुणायचं. २४ ओळींचा मक्याचा प्लँटर (पेरणी यंत्र), ओळी ३० इंचांवर, म्हणजे ६० फूट. वेग ५ मैल. ३६ एकर निघतात, प्रत्यक्षात २५. दोन हजार एकर मका ८० तासांत, म्हणजे दहा तासांचे आठ दिवस. आयोवात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रान वाफशावर (ना चिखल ना कोरडं, पेरणीजोगं) असण्याचे दिवस मोजकेच मिळतात. ते आठ दिवस गाठायचे म्हणून यंत्र मोठं. "मोठं शेत म्हणून मोठं यंत्र" हे अर्धंच खरं, आखूड हंगाम हे दुसरं कारण.

वेग ताशी दहा मैल करता येतो, पण साध्या नळीतून बी पडताना उसळतं आणि अंतर बिघडतं. त्यासाठी बी पट्ट्याने किंवा ब्रशने थेट तासात (पेरणीच्या चरात) नेऊन सोडणारी यंत्रणा लागते. मक्याला एकरी ३२ ते ३५ हजार बिया, खोली २ इंच, मातीचं तापमान १० अंशांच्या वर. दोन पानांनी मागे उगवलेलं रोप पुढे कणीस धरत नाही, नुसतं खत आणि पाणी खातं. गव्हाला फुटवे येतात, तो चुका झाकतो. मका झाकत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान ओल्या रानात घाई केल्याने होतं. तासाच्या भिंती चकतीने लिंपल्यासारख्या चकचकीत होतात, मुळं त्यात आडवी धावतात, आणि आठवडाभर कोरडं गेलं की तास उघडून बी उघड्यावर पडतं. उपाय म्हणजे दाब कमी करणं आणि मागचं एक बंद करणारं चाक काटेरी लावणं; पण खरा उपाय एक दिवस थांबणं हाच.

---

लिंकनकर

इंग्लंडच्या गव्हाचं वेळापत्रक कोणीतरी मांडायला हवं, नाहीतर "दहा-बारा वेळा रानात जातात" हे वाचून लोकांना वेड वाटेल. चिकणमातीच्या रानातला गहू, साधारण असा :

मळणी झाली की उथळ वखरणी, मग पडलेलं बी आणि तण उगवू द्यायचं, ग्लायफोसेट या तणनाशकाने मारायचं. पेरणी, चौरस मीटरला ३०० ते ४०० बिया, ओळी साडेबारा सेंटिमीटरवर. रूळ फिरवायचा, कारण ढेकळांत गोगलगायी लपतात (त्यांना मारणारं मेटाल्डिहाइड २०२२ पासून बंद, आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या). मग उगवणीपूर्वीचं तणनाशक, शक्यतो ४८ तासांत. नंतर मावा, कारण तो पिवळा खुजा रोग आणतो. बियाण्याला लावायचं निओनिकोटिनॉइड कीटकनाशक गेलं, त्यामुळे ३ अंशांच्या वरच्या तापमानाची रोजची बेरीज करत १७० अंश-दिवस झाले की माव्याची तपासणी आणि गरज असेल तर फवारा.

फेब्रुवारीअखेर-मार्चला नत्राचा पहिला हप्ता ४०-५० किलो, एप्रिलमध्ये कांडी धरताना १०० ते १२०, आणि पिठाच्या गव्हाला ध्वजपानाच्या (ओंबीखालच्या शेवटच्या पानाच्या) वेळी आणखी ४०-६०. सगळे हेक्टरी. नायट्रेट-संवेदनशील क्षेत्रात (जिथे नत्र पाण्यात उतरू नये म्हणून बंधनं आहेत) गव्हाला सरासरी २२० किलोंची मर्यादा आहे. हेक्टरी ८ टनांच्या वर अपेक्षित प्रत्येक टनाला २० किलो वाढवून मिळतात आणि पिठाच्या गव्हाला ४०.

आणि मग बुरशीनाशकं. फवारणीच्या ठरलेल्या वेळांना टी-१, टी-२ अशी नावं आहेत : टी-१ म्हणजे वरून तिसरं पान उघडल्यावर, टी-२ ध्वजपान पूर्ण उघडल्यावर, टी-३ ओंबीवर. काही जण त्याआधी टी-० पण करतात, तांबेऱ्याला बळी पडणारं वाण असेल तर. सगळा खेळ सेप्टोरियाच्या करप्याचा. पावसाचे थेंब खालच्या पानांवरचे बीजाणू उडवून वर नेतात, लक्षणं दिसायला तीन-चार आठवडे लागतात. डाग दिसल्यावर फवारायला गेलात तर गाडी निघून गेलेली असते. वरची दोन पानं दाण्यातला बहुतेक भाग भरतात, त्यामुळे टी-२ आठवडाभर लांबला तर हेक्टरी टनाच्या हिशेबात नुकसान. क्लोरोथॅलोनिल २०२० मध्ये बंद झाल्यापासून हे आणखी कठीण झालंय, कारण प्रतिकार निर्माण न होणारं ते एक स्वस्त औषध होतं.

एवढ्या वेळा जायचं म्हणून ट्रॅमलाइन. पेरणी करतानाच दर २४ किंवा ३६ मीटरवर चाकांसाठी दोन रेघा न पेरता सोडतात. दोन्ही रेघा मिळून मीटरभर धरल्या तर २४ ला ४ टक्के जमीन जाते, ३६ ला पावणेतीन. कॅन्ससचा गहू बघायला गेलात तर या रेघा बहुतेक दिसणार नाहीत. तिथे पेरणी, फेब्रुवारी-मार्चला द्रवरूप नत्रातच तणनाशक मिसळून एक फेरी, तांबेरा आला तर ध्वजपानावर एक फवारा, आणि कापणी. तीन-चार फेऱ्या.

---

कुळव

लिंकनकर, एवढा खर्च करून हेक्टरी ८ टन. कॅन्ससवाला तीन फेऱ्यांत पावणेतीन टन काढतो. टनामागे पैसे कोणाला जास्त पडतात हे बघायला नको का? मला तर अमेरिकन पद्धतच शहाणपणाची वाटते. उतारा दाखवायचा कशाला, नफा दाखवा.

---

गोफण

कुळव, प्रश्न रास्त आहे, पण टनामागचा खर्च काढताना जमिनीचा वाटा धरा. लिंकनशायरच्या एकराला जी किंमत किंवा खंड (जमिनीचं भाडं) द्यावा लागतो, तो पश्चिम कॅन्ससच्या कोरडवाहू एकराच्या कितीतरी पट. तो खंड अकरा क्विंटलांवर पसरला तर शेत पहिल्याच वर्षी बुडेल, बत्तीस क्विंटलांवर पसरला तर निभतं. उलट कॅन्ससमध्ये ब्रिटिश पद्धतीने चार बुरशीनाशकं मारली तर औषधांचा खर्चच पिकाच्या किमतीच्या बाहेर जाईल, कारण तिथे रोगापेक्षा पाणी आधी संपतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाची पद्धत दुसऱ्याच्या रानात नेली तर दोघंही तोट्यात.

आयोवाची तुलना मात्र वेगळी. तिथे जमीन स्वस्त नाही; खंडच एकरी २७०-२८० डॉलरच्या घरात आहे. तिथला मका एकरी उताऱ्यात ब्रिटिश गव्हालाही मागे टाकतो, आणि तरी फेऱ्या कमीच.

---

तिफण

नत्राचा एक फरक राहिला. आयोवात मक्याला अजूनही निर्जल अमोनिया (दाबाखाली द्रव ठेवलेला वायू) वापरतात, ८२ टक्के नत्र. ब्रिटनमध्ये तो जवळपास नाहीच, तिथे अमोनियम नायट्रेट ३४.५ टक्के, युरिया किंवा द्रव. रेड ट्रॅक्टर हे ब्रिटनचं शेतमालाच्या दर्जाचं प्रमाणपत्र असेल तर साधा युरिया ३१ मार्चनंतर टाकता येत नाही, युरिएज (युरियाचा अमोनिया करणारं विकर) रोखणारा लेप लावलेला घ्यावा लागतो.

सोयाबीननंतरच्या मक्याला एकरी १५० पौंड नत्र धरलं तर अमोनिया १८३ पौंड. तो दाबाखालच्या टाकीतून सुरीने ७-८ इंच खोल सोडतात. शरद ऋतूत टाकायचा असेल तर मातीचं तापमान १० अंशांच्या खाली आणि उतरतं हवं. नाहीतर हिवाळ्यापूर्वीच त्याचं नायट्रेट होतं आणि वसंतातल्या पावसात टाइलच्या (जमिनीखालच्या निचऱ्याच्या) नळ्यांतून नदीत जातं. माती कोरडी-ढेकळी असेल तर सुरीमागचा चर मिटत नाही आणि पांढरी वाफ दिसते. वाफ दिसली की थांबायचं, खोली वाढवायची. ओल्या मातीत चराच्या भिंती लिंपल्या जातात, तीच वाफ मागून निघते.

अमोनिया पाणी शोधतो, त्यामुळे डोळे, घसा, फुप्फुस आधी जळतात. टाकीवर पाच गॅलन स्वच्छ पाणी ठेवणं बंधनकारक आहे. नळी जोडताना किंवा सोडताना, आत दाब नाही असं समजून झालेले अपघात सगळ्यात जास्त. ब्रिटनच्या गावात रस्त्याला लागून घरं, कुंपणापलीकडे पायवाट. तिथे ही टाकी ओढत नेणं कोणाला रुचणार नाही.

---

शिवार१९

पायवाटेवरून आठवलं. इंग्लंडात सार्वजनिक पायवाट शेताच्या मधून जात असेल तर नांगरता येते का? आपल्याकडे शिवरस्त्यावरून भांडणं कोर्टात जातात म्हणून विचारलं.

---

लिंकनकर

मधून जात असेल तर नांगरता येते, पण पहिल्या मशागतीनंतर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामानंतर २४ तासांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद. पीक त्यात वाढू द्यायचं नाही. त्यामुळे पेरणीनंतर जीपीएसवरून त्या रेषेवर ग्लायफोसेटचा पट्टा मारतात. कडेने जाणारी वाट असेल तर ती नांगरायचीच नाही.

कुंपणाच्या झुडपांचेही नियम आहेत. २०२४ च्या इंग्लंडच्या नियमांत झुडपाच्या मध्यापासून दोन मीटर जमीन न कसता ठेवायची, आणि १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटणी बंद, कारण पक्ष्यांची घरटी. दोन हेक्टर किंवा त्याहून लहान रानाला दोन मीटरच्या पट्टीतून सूट आहे.

आणि रस्ते. ३ मीटरपेक्षा रुंद यंत्र रस्त्यावर काढायचं तर पोलिसांना आधी कळवायचं, साडेतीन मीटरच्या वर असेल तर सोबत माणूस हवा. म्हणून ब्रिटिश हार्वेस्टर रबरी पट्ट्यांवर : दाब कमी आणि रुंदीही कमी. पुढचं कापणीचं डोकं काढून मागे गाडीवर लादायचं, पुढच्या रानात पुन्हा जोडायचं. दिवसाला तीन रानं बदलली तर तासभर त्यातच जातो.

---

दाणाबाजार

कापणीचा विषय निघालाच आहे तर वाळवणी आणि बाजाराचं लिहितो, कारण पैसे तिथे मिळतात किंवा जातात.

कॅन्ससचा गहू १३.५ टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्यावर कापून थेट एलेव्हेटरला (धान्य खरेदीच्या मोठ्या कोठाराला). घरी वाळवणी यंत्र नसलं तरी चालतं. कापणीही बऱ्याचदा स्वतःची नसते : कंत्राटी कापणीवाले मेमध्ये टेक्सास-ओक्लाहोमाला सुरू करून गव्हाच्या पिकण्याबरोबर उत्तरेला सरकत ऑगस्ट-सप्टेंबरात डाकोटा-मोंटानाला पोचतात. त्यांचा दर तीन भागांत : एकरी ठरावीक, २० बुशेलच्या वर उतारा गेला तर वरच्या प्रत्येक बुशेलला इतके सेंट, आणि वाहतुकीचे प्रत्येक बुशेलला इतके. पंजाबहून विदर्भ-मराठवाड्यात येणारे हार्वेस्टर आपल्याला माहीत आहेत. आपल्याकडे दर फक्त एकरी असतो, त्यामुळे पीक भारी असेल तर चालक जोरात हाणतो आणि दाणा मागून भुशात जातो. तीन भागांच्या दरात त्याला सावकाश चालवायचं कारण मिळतं.

इंग्लंडात ऑगस्टचा पाऊस ठरवतो. गहू १८-२० टक्क्यांवरही कापावा लागतो आणि १५ पर्यंत वाळवून ठेवावा लागतो. वजनाचं गणित लोक चुकवतात. १८ वरून १५ वर आणताना ३ टक्के नाही घटत : १०० × (१०० − १८) ÷ (१०० − १५) = ९६.५ टन. साडेतीन टन गेले. मक्यात आकडे मोठे. २२ वरून १५ वर आलं तर १०० टनांचे ९१.८. अमेरिकन एलेव्हेटरवाले दर टक्क्याला १.४ धरून कापतात. निव्वळ पाण्याची घट १.१८ असते, उरलेलं हाताळणीच्या नावावर. घरच्या प्रोपेन ड्रायरला बुशेलमागे दर टक्क्याला ०.०२ गॅलन धरा; २०० बुशेलच्या एकराला सात टक्क्यांसाठी २८ गॅलन.

पिठाच्या गव्हाचा ब्रिटिश करार साधारण असा : प्रथिनं १३ टक्के, हॅगबर्ग २५०, हेक्टोलिटर वजन (शंभर लिटर गव्हाचं वजन) ७६ किलो. हॅगबर्ग म्हणजे दाण्यात अंकुरण्याचं विकर किती जागं झालंय याची चाचणी. पिकलेला गहू आठवडाभर पावसात भिजला की ते विकर पिष्ट तोडायला लागतं, आकडा २५० खाली जातो आणि पाव चिकट होतो. पिठाचा गहू एका रात्रीत चाऱ्याच्या भावात. म्हणून पिठाचं वाण आधी कापतात, ओलं असलं तरी, आणि वाळवताना हवा ६५ अंशांच्या आत ठेवतात, नाहीतर प्रथिनं भाजतात. नंतर थंड हवा सोडून कोठार १५ अंशांखाली, पुढे हिवाळ्यात ५ पर्यंत आणायचं. १५ च्या वर किडा वाढतो, ५ च्या आत धान्यातले कोळीही (बारीक कीड) थांबतात.

कोठारावरून एक सूचना, कोणी अमेरिकेत कामाला जाणार असेल तर : १७-१८ टक्क्यांवर भरलेला मका वर कवच धरतो आणि खाली पोकळी होते. तो फोडायला वरून आत उतरायचं नाही. खालचा ऑगर (धान्य ओढणारा स्क्रू) बंद करून, कुलूप लावून, दोरी आणि बाहेर माणूस असल्याशिवाय तर नाहीच. वाहत्या दाण्यात माणूस काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो, मग स्वतःहून निघता येत नाही.

---

कुळव

दर तीन भागांत हा मुद्दा आवडला. आपल्याकडच्या गटांनी करून बघण्यासारखा आहे.

भुशाचं काय? अमेरिकेत सगळं रानातच पसरतात ना?

---

मोघड

बहुतेक ठिकाणी हो. कॅन्ससमध्ये काड हीच ओल राखायची चादर, म्हणून नांगर न लावता पेरणी. ब्रिटनमध्ये काड विकलं जातं : जनावरांखाली अंथरायला, आणि ईली किंवा स्लीफर्डच्या वीजकेंद्रांना जाळायला. रानात जाळणं इंग्लंड-वेल्समध्ये १९९३ पासून बंद आहे. याचा हार्वेस्टरच्या निवडीवरही परिणाम होतो. रोटरवाला (फिरत्या दंडगोलाने दाणा वेगळा करणारा) हार्वेस्टर जास्त काम करतो आणि दाणा कमी फोडतो, पण काडाचा चुरा करतो. काड विकायचं असेल तर वॉकरवाला (काड हलवत अख्खं मागे सोडणारा) बरा.

---

रानवाट

तणाबद्दल कोणीच बोललं नाही! दोन्ही देशांत अलीकडे पिकांचा फेरपालट तणानेच ठरवलाय.

इंग्लंडात ब्लॅकग्रास नावाचं गवत. त्याचं ८० टक्के बी सप्टेंबर-ऑक्टोबरात उगवतं, म्हणजे लवकर पेरलेल्या गव्हाबरोबरच. २००३ मध्ये मेसोसल्फ्युरॉनचं तणनाशक आलं तेव्हा सगळ्यांनी नांगर सोडून लवकर पेरणी आणि गव्हावर गहू सुरू केला. दहा वर्षांत तण प्रतिकारक झालं. आता उपाय जुनेच : पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर ढकलायची, तोवर उगवलेलं मारायचं, फार झालं तर त्या रानात वसंतातला बार्ली. चार-पाच वर्षांतून एकदा खोल नांगरट, कारण पुरलेलं बी वर्षाला ७० टक्क्यांहून जास्त मरतं. मात्र दरवर्षी नांगरलं तर कालचं पुरलेलं आज वर येतं. आणि उशिरा पेरायचं म्हटलं की पावसाशी जुगार : २०१९ चा शरद ओला गेला, अनेकांना पेरताच आलं नाही, आणि २०२० चं गव्हाचं उत्पादन ९७ लाख टनांवर आलं, १९८१ नंतरचं सगळ्यात कमी.

अमेरिकेत पामर राजगिरा आणि वॉटरहेम्प. दोन्ही आपल्या माठ-राजगिऱ्याच्याच कुळातली. १९९६ ला ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन आलं आणि लोकांनी एकाच औषधावर भागवलं. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. पामर दिवसाला दोन इंच वाढतो, चार इंचांच्या आत मारला नाही तर मरत नाही, आणि एका मादी झाडाला लाखांनी बी. उगवण एप्रिल ते ऑगस्ट चालूच. त्यामुळे आता पेरणीला एक उगवणपूर्व औषध, तीन-चार आठवड्यांनी पहिल्याचा जोर संपायच्या आत दुसरं. ब्रिटनमध्ये जनुक बदललेली पिकं व्यापारी पातळीवर नाहीतच, त्यामुळे तिथे तो मार्गच नव्हता, आणि तरी प्रतिकाराच्या खड्ड्यात दोघंही पडले.

---

शिवार१९

आणि सरकार? अमेरिकेत विमा आहे म्हणतात, आपल्या पीक विम्यासारखाच का?

---

दाणाबाजार

नावात विमा एवढंच साम्य. आपल्या पंतप्रधान पीक विम्यात उंबरठा (ज्याखाली उतारा गेला की भरपाई मिळते) महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरतो. तुमचं रान गेलं आणि मंडळ वाचलं तर बहुधा हात हलवत बसायचं. अमेरिकेतल्या नेहमीच्या उत्पन्न विम्यात (उतारा × भाव) तुमच्याच रानाचा चार ते दहा वर्षांचा उतारा धरतात. मक्याचा भाव वायदे बाजारातल्या डिसेंबर वायद्याच्या फेब्रुवारीतल्या सरासरीवरून, आणि ऑक्टोबरची सरासरी जास्त निघाली तर ती.

समजा सरासरी १९० बुशेल, ८० टक्क्यांचं संरक्षण, फेब्रुवारीचा भाव साडेचार डॉलर. हमी १५२ × ४.५ = ६८४ डॉलर एकरी. ऑक्टोबरात भाव ४ वर आला आणि उतारा १५० आला तर प्रत्यक्ष ६००; भरपाई ८४. हप्त्यातला मोठा वाटा सरकार भरतं. म्हणूनच मका पट्ट्यात मका आणि सोयाबीन सोडून तिसरं पीक घ्यायला कोणी धजत नाही : नव्या पिकाला जुना उतारा नोंदलेला नसतो, हमी पातळ मिळते. कुळव, तुम्ही ज्याला शहाणपण म्हणता त्यातला बराच भाग हा आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी पीक विमा नाही. क्षेत्रावर मिळणारं अनुदान इंग्लंडात २०२१ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेतलं. त्याजागी फुलांच्या पट्ट्या, हिरवळीची पिकं वगैरेंचे पैसे देणारी योजना आणली, आणि ११ मार्च २०२५ ला तिचेही नवे अर्ज अचानक थांबवले. त्यामुळे तिथला विमा म्हणजे स्वतःचं ड्रायर, स्वतःचं कोठार आणि चार-पाच पिकं.

---

कुळव

मानलं. मग एक शेवटचं. चिकणमातीत ऑक्टोबरला पेरायचं तर पाणी साचत नाही का? अमेरिकेतल्या टाइल नळ्या इंग्लंडातही आहेत का? आपल्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडतं त्यासाठी विचारतोय.

---

लिंकनकर

नळ्या दोन्हीकडे, रचना वेगळी. आयोवात ४ इंचांची छिद्रांची प्लॅस्टिक नळी, ३-४ फूट खोल, ५० ते ८० फुटांवर. तिथल्या मातीतून पाणी स्वतः नळीपर्यंत जातं. इंग्लंडच्या जड चिकणमातीत जात नाही. म्हणून नळ्या लांब लांब, त्यांच्यावर वरपर्यंत खडी, आणि त्यांना आडवा मोल नांगर : साडेसात सेंटिमीटरची लोखंडी गोळी आणि मागे थोडा मोठा गोळा, ५० ते ६० सेंमी खोल, दर २-३ मीटरवर. मातीत नुसतं बोगद्यासारखं भोक राहतं, त्यातलं पाणी खडीतून नळीत उतरतं.

अटी : चिकण किमान ३० टक्के, वाळूचे पट्टे नकोत, उतार हवा. खोलीवरची माती हातात वळून बोटाएवढी वळी होईल इतकी ओली, आणि वरची कोरडी, म्हणजे सुरीमागून भेगा उठतात. ट्रॅक्टर सावकाश, ताशी ३-५ किमी. नळीकडून वरच्या बाजूला ओढायचं. मोल काढल्यावर लगेच मोठा पाऊस आला तर भोक बसतं. दोन-तीन आठवडे कोरडे मिळाले तर पाच-दहा वर्षं टिकतं.

काळ्या मातीत भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने मोल नांगराचे प्रयोग केलेत. तिथे अडचण भेगांची. उन्हाळ्यात भेग मोलपर्यंत पोचली की वरची माती आत पडते, त्यामुळे आयुष्य इंग्लंडपेक्षा कमी धरा आणि काही वर्षांनी पुन्हा ओढायची तयारी ठेवा. करायचं तर पावसाळा संपल्यावर, खाली ओल असताना. मेमध्ये कोरड्या रानात ओढलं तर भोक होत नाही, नुसती ढेकळं उठतात. आणि आधी पाणी बाहेर पडायला नाला किंवा चर किती खोल आहे ते मोजा. मोलचं तोंड नाल्याच्या पाण्याखाली जाणार असेल तर पुढचं काही करू नका.